लूमवर जावं की कंपनीत?
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम लवकर मिळतं. शिक्षण फारसं कुणी विचारत नाही, हात बसला की झालं. पण मजुरी बहुतेक उत्पादनावर; धागा सारखा तुटला किंवा लाइट गेली की आठवड्याची मजुरी खाली.

चिंचोळी एमआयडीसीत ऑपरेटरला बहुतेक ठिकाणी दहावी नाहीतर आयटीआय मागतात, शिवाय मेडिकल तपासणी. शिफ्ट फिरती, पगार मात्र ठरलेला. पीएफला मूळ पगार-महागाई भत्त्याचे १२ टक्के तुमचे, तेवढेच मालकाचे. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, तुमचे फक्त ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५, आणि घरच्यांचाही दवाखाना त्यातच! मी तरी कंपनीच धरा म्हणेन. ठेकेदारामार्फत लागलात तर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, मागून घ्या, पीएफ भरला जातोय का ते दर महिन्याला बघा.