कुत्र्यांची डीएनए किट: वंश कळेल, स्वभाव नाही

दत्तक घेतलेलं पिल्लू मोठेपणी कसं निघेल, हे कळावं म्हणून मुंबईत हल्ली अनेक घरांत गालाच्या नमुन्यावरून वंश सांगणारी किट मागवली जाते. वंशाची उत्सुकता असेल, आजारांची जनुकं तपासायची असतील, तर जरूर घ्या. स्वभाव ओळखायला घेत असाल तर पैसे वाया जातील.

नमुना घेणं सोपं आहे, पण घाई नडते. खाणंपिणं झाल्यावर किमान अर्धा तास थांबा. ब्रश गाल आणि हिरडीच्या मधे अर्धा मिनिट फिरवत घासा. नुसती लाळ लागून उपयोग नाही, गालाच्या पेशी निघायला हव्यात. अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी येतात, म्हणून त्याला आधी आईपासून थोडा वेळ वेगळं ठेवा. किटमध्ये कोरड्या पाकिटाचा ब्रश असेल तर पावसाळ्यात तो पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका, बुरशी धरते.

खरा घोळ होतो गावठी कुत्र्यांच्या अहवालात. आपला गावठी म्हणजे पाच-सहा विलायती जातींची खिचडी नव्हे, तो स्वतंत्र आणि जुना गट आहे. कंपनीच्या संग्रहात भारतीय गावठी कुत्र्यांचे नमुनेच नसतील, तर जुळणी जवळात जवळच्या जातीशी होते आणि भलत्याच जातींचे टक्के छापून येतात. ऑर्डर देण्याआधी एवढं विचाराच.

आता स्वभाव. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात 2022 साली आलेल्या अभ्यासात 18,385 कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे येणारा वाटा निघाला जेमतेम 9 टक्के. आज्ञा ऐकण्याच्या बाबतीत जात थोडीफार दिसते. चटकन बिथरण्याशी मात्र तिचा संबंध जवळजवळ नाहीच. त्यामुळे ‘लॅब्राडॉरचा क्रॉस आहे, पोरांना काही करणार नाही’ या भरवशावर लहान मुलाला त्याच्यापाशी एकटं सोडू नका.

एका गोष्टीसाठी ही किट मोलाची आहे. कोली या विलायती मेंढपाळ जातीचा अंश असलेल्या कुत्र्यात एमडीआर1 जनुकाचा दोष असू शकतो. तसं असेल तर खरजेवर जास्त मात्रेत दिलेलं आयव्हरमेक्टिन हे औषध जिवावर बेतू शकतं. अहवालाचं हे पान डॉक्टरांना दाखवा.

मोठा कुत्रा घेताना त्याला दोन वेगवेगळ्या वेळी भेटा. लिफ्टचं दार, वॉचमनची काठी, कुकरची शिटी, जेवताना जवळून गेलेला माणूस, यांना तो काय करतो ते बघा. दचकला तरी चालेल. किती वेळात सावरतो, ते महत्त्वाचं. पिल्लाच्या बाबतीत तिसरा ते चौदावा आठवडा कुठे आणि कुणासोबत गेला, हे विचारा. तो काळ संपला नसेल तर लसीकरण पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन त्याला बाजार, रिक्षा, लोकलचा आवाज दाखवून आणा; फुटपाथवर मात्र सोडू नका.