देशी मायक्रोपिपेटचा संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागात चार मायक्रोपिपेटचा, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायच्या हातातल्या यंत्रांचा, नवा संच आला. जास्तीत जास्त २, २०, २०० आणि १००० मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) घेणारे, भारतीय बनावटीचे. परदेशी एका पिपेटला जेवढे मोजावे लागले असते, त्यात चार आले, त्यामुळे खरेदी समितीत कुणी कुरकुर केली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या एका संचावरून सगळ्या मालाला नावं ठेवणं बरोबर नाही.

माझं काम माशांच्या ऊतींमधलं प्रथिन मोजणं आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं). शिवाय एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल. म्हणजे हे चारही रोज हाताळले जातात, माझ्या हातून कमी आणि मुलांच्या हातून जास्त.

आधी जे आवडलं ते. २०० चा पिपेट लाजवाब आहे. प्लंजर (अंगठ्याने दाबायचा दांडा) मऊ, पहिला स्टॉप (मोजलेल्या मापाचा) आणि दुसरा (उरलेला थेंब ढकलायचा) अंगठ्याला स्पष्ट वेगळे कळतात, वजन हलकं. ९६ खड्ड्यांची प्लेट भरून झाल्यावर जुन्या पिपेटने अंगठा ठणकायचा, तो आता ठणकत नाही. १००० चाही चांगला, फक्त टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) काढायचं बटण कडक आहे. अंगठ्याचा सगळा जोर लावला की टिप उडते आणि कधी कधी डब्याबाहेर पडते.

आकड्यांच्या खिडकीने मात्र पहिल्याच महिन्यात गोंधळ घातला. तीन आकडे उभे दिसतात. २०० वर १२५ म्हणजे १२५ मायक्रोलिटर, २० वर तेच १२५ म्हणजे साडेबारा आणि १००० वर ०५० म्हणजे पन्नास नव्हे, पाचशे. एका मुलाने पन्नास समजून पाचशे मायक्रोलिटर बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ओतला आणि ट्यूबचं झाकण लागेना तेव्हा चूक कळली. झाकण लागलं असतं तर कळलीच नसती. आता प्रत्येक पिपेटवर पट्टी चिकटवली आहे.

खरी गोष्ट सुरू झाली सप्टेंबरमध्ये. ब्रॅडफोर्ड पद्धतीने (प्रथिनाला रंगद्रव्य चिकटून येणाऱ्या निळ्या रंगावरून) प्रथिन मोजत होते. ५९५ नॅनोमीटरला वाचन, बीएसए या ठरावीक प्रथिनाची प्रमाण रेषा, सगळं नेहमीचं. पण एकाच नमुन्याच्या तीन-तीन नळ्यांची वाचनं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. आधी रंगद्रव्याला दोष दिला, मग क्युव्हेटला (वाचनासाठीच्या पारदर्शक नळीला), मग मुलांना. मॅडम म्हणाल्या, "अगं, वजन करून बघ की."

वजन करणं सोपं आहे. काट्यावर छोटी बाटली ठेवायची, शून्य करायचं, डिस्टिल्ड पाणी त्याच मापाने दहा वेळा घालायचं आणि दर वेळी मिलिग्रॅम लिहायचे. पाण्याची घनता आणि हवेचा परिणाम धरून २५ अंशांना त्या आकड्याला सुमारे १.००४ ने गुणलं की मायक्रोलिटर मिळतात. पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे. २०० आणि १००० साठी ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. २० साठी आणखी एक दशांश स्थान लागतं, तो काटा शेजारच्या रसायनशास्त्र विभागात आहे. तिथल्या मामांना चहा पाजून काम झालं.

१००० ची सरासरी ९९१.८ मिलिग्रॅम आली, म्हणजे साधारण ९९५.८ मायक्रोलिटर. आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात या मापाला ८ मायक्रोलिटरपर्यंत चूक चालते, तेव्हा हा पास. २०० सुद्धा पास. २० ची सरासरी मात्र १९.१२ मिलिग्रॅम, म्हणजे १९.२ मायक्रोलिटर. मुभा फक्त ०.२ ची आणि हा ०.८ ने कमी. पूर्ण भरून टिप खाली करून सरळ धरला तर अर्ध्या मिनिटात टोकाला थेंब जमायचा. हवा कुठूनतरी आत येत होती. सर्व्हिसवाल्याने उघडलं तेव्हा आतली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) कोरडी पडून झिजलेली. तीन महिन्यांत! रिंग आणि ग्रीस बदलल्यावर सरासरी १९.८६ मिलिग्रॅम. वॉरंटीत झालं, पण पिपेट तीन आठवडे अडकला.

त्याच मानकातली एक गंमत इथेच सांगते. ती ८ मायक्रोलिटरची मुभा १००० च्या पिपेटला कुठल्याही मापावर तेवढीच राहते. म्हणजे त्याच्यावर १०० लावलंत तर ८ टक्के चूकसुद्धा 'नियमात'. मुलं आळसाने पिपेट बदलत नाहीत, त्यांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवला.

आता माझी कबुली. २० चा दुरुस्त होऊन आला तरी पीसीआरचं एन्झाइम मोजल्यापेक्षा लवकर संपत होतं. पुन्हा पिपेटवर संशय. पण एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं आणि मी टिप पार तळापर्यंत बुडवत होते. आत मोजून घेतलं तेवढंच बाहेरून चिकटून येत होतं की काय कोण जाणे. आता टिप पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरच, हळू ओढायचं, ओढल्यावर एक क्षण थांबायचं आणि बाहेर काढताना टोक ट्यूबच्या कडेला टेकवायचं. मास्टर मिक्स (सगळ्या ट्यूबसाठी एकत्र केलेलं मिश्रण) दहा टक्के जास्तीचा करते, ते वेगळं.

ब्रॅडफोर्डलाही हीच कथा. बीएसएला फेस येतो, म्हणून उलटं पिपेटिंग सुरू केलं : आधी दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून ओढायचं, सोडताना पहिल्यावरच थांबायचं, टिपमध्ये उरेल ते टाकून द्यायचं. फेस गेला आणि तीन नळ्या एका सुरात आल्या. बर्फातून काढलेल्या बफरसाठी टिप दोन-तीनदा भरून रिकामी करते, नाहीतर पिपेटमधली हवा गार होऊन आकसते आणि पहिला भरणा जास्त येतो. क्लोरोफॉर्म मात्र या जातीच्या पिपेटने घ्यायचा म्हणजे टपटप. टिप कितीही ओली केली तरी माझं समाधान होत नाही, मी काचेचा घेते.

काचेच्या पिपेटवरून आठवलं, आमचे जुने सर अजून सांगतात, ते तोंडाने ओढायचे. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला हाइनरिश श्निटगर या डॉक्टरांना त्याच तोंडाने ओढण्याचा वैताग आला आणि त्यांनी स्प्रिंगचा पिस्टन बसवून हे यंत्र बनवलं. सरांच्या कॉलेजात ते पोचायला बरीच वर्षं लागली.

दोन त्रास राहिलेच. पावसाळ्यात २ च्या पिपेटचा प्लंजर अडखळायला लागला, तो अजूनही अडखळतो. आणि टिप. संचाबरोबरचा नमुना डबा संपल्यावर 'युनिव्हर्सल' म्हणून स्वस्त टिप घेतल्या, त्या २०० वर घट्ट आणि २० वर सैल. सैल टिप खालून ठोकून बसवायची सवय लागली की टिप बसते ते पिपेटचं टोक झिजतं, तेव्हा तसं करू नका.

पुन्हा घेईन का? २०० आणि १००० डोळे मिटून. २० घेईन, पण आल्याच्या दिवशी काट्यावर घालून. २ साठी थोडे पैसे साठवून दुसरा बघेन. आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून तुमच्या नेहमीच्या टिपचं एक पाकीट चारही पिपेटवर लावून बघा, नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.