भरती-ओहोटी शिकवणारे थीम पार्क : अकरा महिन्यांच्या वार्षिक पासनंतरचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या मुखाजवळ असलेल्या एका थीम पार्कचा कौटुंबिक वार्षिक पास आम्ही गेल्या दसऱ्याला घेतला. घरात सहावीतली मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. घरापासून पार्क पाऊण तासाच्या अंतरावर आहे आणि अकरा महिन्यांत आम्ही तिथे चौदा वेळा गेलो. एकदाच जाऊन आलेल्या पर्यटकापेक्षा माझे मत वेगळे का आहे, हे लक्षात यावे म्हणून एवढा तपशील आधी दिला. पास घेतला तेव्हाचे पार्क आणि आजचे पार्क यांत बराच फरक आहे आणि मला प्रामुख्याने त्याच फरकाविषयी लिहायचे आहे.

सुरुवातीचे पार्क कोकणचा समुद्र, खाडी आणि शेती यांवर उभे होते. कांदळवनातून जाणारी लाकडी पायवाट, कातळशिल्पांच्या प्रतिकृती असलेला जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार, जाळी विणण्याचे दालन आणि खाडीच्या कडेला खारबंदिस्तीचा एक खराखुरा, चालता नमुना होता. खारबंदिस्ती म्हणजे खाऱ्या पाण्यापासून भातजमीन राखण्यासाठी घातलेला बांध आणि त्यात बसवलेली उघाडी. ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि पाणी निघून जाते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. तिला ना मोटर लागते, ना माणूस. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली ही रचना शहरात राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एकाही मुलाने पाहिलेली नव्हती आणि खरे सांगायचे तर मीही ती इतक्या जवळून पाहिली नव्हती.

त्या उघाडीपाशी एक वयस्कर काका बसत असत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या मुलीला विचारले, “बाय, आज तिथी कंची?” तिला सांगता आले नाही. सासूबाईंनी अष्टमी म्हणून सांगितले. “मग आठाचे पाऊणपट किती?” मुलीने बोटांवर हिशेब करून सहा म्हटले. “म्हणजे आज सहाला पुरी भरती. आता बारा वाजलेत, म्हणजे पाणी तळाला.” तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून तो जमतो. काकांनी मुलीला झडपेच्या फळीवर हात ठेवायला लावला. अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी फार खाली गेलेले नव्हते, तरी फळीखालून बाहेर जाणारा प्रवाह तिच्या बोटांना लागत होता. जेवून आम्ही परत तिथेच आलो. साडेतीनच्या सुमारास प्रवाह मंदावला, पाणी क्षणभर थबकल्यासारखे झाले आणि फळी ‘ठप्प’ असा आवाज करून चौकटीला टेकली. मुलीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी कालनिर्णयातली तिथी भरतीसाठी पाहिली जाते.

कांदळवनातही असेच होते. तिवराचे पान खालच्या बाजूने जिभेला लावून पाहा, असे तिथली मार्गदर्शक मुलगी सांगे आणि मुले तोंड वाकडे करत, कारण तिवर मुळांवाटे आलेले मीठ पानांतून बाहेर टाकतो. चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहून माझ्या मुलाला मासा पाण्याबाहेर कसा राहतो, हा प्रश्न पडला आणि तो प्रश्न त्याने आठवडाभर सोडला नाही.

त्या जुन्या पार्कात सारे उत्तम होते, असे मात्र मी म्हणणार नाही. कातळशिल्पांच्या सड्यावर माणसाच्या उंचीचे फलक होते आणि त्यांवरची भाषा एखाद्या शासकीय अहवालासारखी होती. कशेळीच्या कातळावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आकृतीत इतर कितीतरी प्राणी सामावलेले आहेत, ही गोष्ट मुलाला थरारून टाकणारी आहे. पण ती फलकाच्या चौथ्या परिच्छेदात होती आणि तिथपर्यंत कोणी वाचत नसे. कोकणातली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली, तरी त्यांच्यापाशी थांबायला सावली नव्हती. जाळ्यांच्या दालनात ध्वनिमुद्रित निवेदन चाले आणि ते मध्येच तुटे. आठवड्याच्या दिवशी आम्ही गेलो की आमच्याखेरीज दोन-तीन कुटुंबेच असत. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत येतात, पावसाळ्यात निम्मे पार्क बंद असते आणि पगार मात्र बारा महिने द्यावे लागतात. म्हणून व्यवस्थापनाने बदल करायचे ठरवले, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

फेब्रुवारीत काम सुरू झाले आणि एप्रिलच्या मध्यात नवे पार्क उघडले. सड्यावरून झिपलाइन जाते. जाळ्यांच्या दालनात लेझर शो होतो. खाडीच्या बाजूला मोठा वेव्ह पूल झाला आहे, तिथे दर अर्ध्या तासाने भोंगा वाजतो आणि यंत्राने लाटा येतात. एका कालव्यातून नाव फिरते; कालव्याच्या दोन्ही तीरांवर प्लास्टरच्या मगरी आणि रंगीत कांदळ आहेत, आणि खरे कांदळवन तिथून दगड भिरकावण्याच्या अंतरावर आहे. लाटांमध्ये माझी मुले मनापासून खेळली, सासूबाईसुद्धा पाण्यात पाय सोडून हसत बसल्या होत्या. तो आनंद खरा होता आणि मी त्याला कमी लेखत नाही. मे महिन्यातल्या दोन भेटींत पार्क तुडुंब भरलेले होते.

मला खंत आहे ती वेगळीच. आधीच्या पार्कात कंटाळवाणे काय होते? फलक, निवेदन आणि ऊन. आणि मुलांना खिळवून ठेवणारे काय होते? उघाडी, तिवराचे पान, निवटी आणि त्यांच्यापाशी बसलेली माणसे. बदल करताना फलक तसेच ठेवले, उलट ते नव्या रंगात छापून घेतले. आणि माणसे मात्र उचलली. उघाडीपाशी बसणारे काका आता घसरगुंडीच्या रांगेत मनगटावरचे पट्टे तपासतात. शिक्षण भिंतीवर गेले, करमणूक पाण्यात गेली आणि दोन्ही जिथे एकत्र होते ती जागा रिकामी झाली.

असा पेच आपल्याकडे पहिल्यांदाच पडलेला नाही. अमेरिकेत फ्लोरिडात डिस्नेने १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेले एप्कॉट हे पार्क सुरुवातीला विज्ञान, शेती, ऊर्जा आणि निरनिराळ्या देशांची संस्कृती या विषयांवरच बेतलेले होते. तिथल्या ऊर्जेच्या दालनात प्रेक्षकांची आसनेच गाड्यांप्रमाणे डायनोसॉरांच्या जंगलातून सरकत आणि छतावरील सौरपट्ट्या त्या गाड्यांना काही वीज पुरवत. ते दालन २०१७ साली बंद झाले आणि २०२२ पासून तिथे चित्रपटातील अंतराळवीरांचा रोलर कोस्टर धावतो. नॉर्वेच्या दालनातली व्हायकिंगांची नौकाफेरी २०१४ मध्ये थांबली. २०१६ पासून त्याच मार्गावर ‘फ्रोझन’ या कार्टूनपटातल्या राजकन्या भेटतात. दोन कोटी लिटरहून अधिक पाण्याच्या मत्स्यालयातही पुढे ‘निमो’ हा कार्टूनपटातला मासा आला. तरीही त्याच पार्कात एक संथ नौकाफेरी अजून टिकून आहे. ती खऱ्या हरितगृहांतून जाते, जिथे भाज्या आणि मासे प्रत्यक्ष वाढवले जातात. मला यातून एवढे कळते की भविष्यकाळ दाखवणारे दालन दहा-पंधरा वर्षांत जुने होते आणि मग ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते. वाढणारे रोप जुने होत नाही. भरतीही जुनी होत नाही. आमच्या पार्ककडे कधीही कालबाह्य न होणारी गोष्ट होती, तीही दिवसातून दोनदा फुकट चालणारी. प्लास्टरच्या मगरींसाठी केलेला खर्च त्या नावेचा मार्ग खऱ्या तिवरांपर्यंत नेण्यासाठी झाला असता, तर नावही राहिली असती आणि निवटीही दिसली असती.

इतर सोयींबद्दल थोडक्यात. पार्किंग पुरेसे आहे, स्वच्छतागृहे आता पूर्वीपेक्षा बरीच चांगली आहेत आणि वेव्ह पूलवरचे जीवरक्षक दक्ष असतात. घावणे आणि सोलकढी अजून मिळते, पण रविवारी दुपारी दीडनंतर संपलेली असते. उद्घोषणा आता हिंदी आणि इंग्रजीत होतात, मराठीत नाही. सासूबाईंना झिपलाइनच्या सूचना मला समजावून सांगाव्या लागल्या. पासवर झिपलाइन आणि लेझर शोचे पैसे वेगळे पडतात, हे पास घेताना आम्हाला सांगितले गेले नव्हते, कारण तेव्हा ती दोन्ही नव्हतीच. तरी जुन्या पासधारकांना काही सवलत द्यायला हवी होती, असे मला वाटते. फक्त पाण्यात खेळण्यासाठी वर्षातून एक-दोनदा जाणार असाल, तर पास न घेता तिकीट काढणेच परवडेल.

गेल्या आठवड्यात आम्ही चौदाव्यांदा गेलो. घसरगुंडीच्या रांगेत काका दिसताच मुलीनेच त्यांना विचारले, “काका, आज पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती ना?” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि “जा, बघून ये,” म्हणाले. पावणेचारला आम्ही खाडीच्या कडेला गेलो. उघाडीच्या चौकटीत एक ओंडका आणि प्लास्टिकच्या बाटल्या अडकल्या होत्या, त्यामुळे झडप अर्धी उघडी होती आणि भरतीचे पाणी तिच्याखालून सरळ आत चालले होते. आतल्या वाफ्यातल्या भाताच्या पात्यांची टोके करपली होती, बांधाकडच्या दोन ओळी तर पार वाळल्या होत्या. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वाकून हाताला लागणारी एक बाटली ओढून काढली.

पासच्या नूतनीकरणाचा अर्ज मी भरून ठेवला आहे, पैसे अजून भरलेले नाहीत. सूचनांच्या रकान्यात लिहिले आहे की उघाडीची झडप साफ करून पुन्हा बसवावी, पुढच्या खरिपाच्या आत वाफ्यातील खारे पाणी काढावे आणि आठवड्यातून दोन दिवस तरी काकांना त्यांच्या जुन्या जागी बसू द्यावे.