चांदीमिश्रित अतिसंवाहक बनवण्याचा संच : माल चोख, पुस्तिका कच्ची

सांगलीतील आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाने एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी यंदा अतिसंवाहक, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला रोधच न करणारा सिरॅमिक पदार्थ, बनवण्याचा हा संच मागवला. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट व कॉपर ऑक्साइड यांच्या मोजून बंद केलेल्या पुड्या, सिल्व्हर ऑक्साइडची वेगळी बाटली, चकती दाबण्याचा पोलादी साचा, ॲल्युमिनाची ‘बोट’ (भट्टीत चकती ठेवण्याचे होडीच्या आकाराचे भांडे), एक चुंबक आणि एक पातळ पुस्तिका असा त्याचा ऐवज आहे. भट्टी आणि चकती थंड करण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन आपले आपण पाहायचे. नायट्रोजनची चिंता आपल्या जिल्ह्यात फारशी नाही, कारण गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच साठवतात आणि दूध व्यवसायामुळे त्याचे कंटेनर भरून देणारे जवळपास सापडतात.

पुड्यांबद्दल तक्रारीला जागा नाही. दहा ग्रॅम मिश्रणात यट्रियम ऑक्साइड १.५१, बेरियम कार्बोनेट ५.२९ आणि कॉपर ऑक्साइड ३.२० ग्रॅम हवे. काट्यावर तेवढेच भरले. खलात घोटून ९०० अंश सेल्सिअसच्या वर भाजल्यावर वजन सुमारे एक ग्रॅमने घटते, कारण कार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भुकटी काळी झाली पाहिजे. कुठे हिरवट छटा दिसली तर अभिक्रिया अपुरी आहे असे समजून पुन्हा घोटावे आणि पुन्हा भाजावे. पुस्तिकेतील या हिरव्या रंगाचे छायाचित्र मात्र खरोखर उपयोगी आहे.

संचाची खरी किंमत सिल्व्हर ऑक्साइडच्या त्या बाटलीत आहे. ते भुकटीत मिसळून चकती दाबायची आणि पुन्हा भाजायची. तापल्यावर ऑक्साइड विघटित होऊन शुद्ध चांदी उरते आणि ती सिरॅमिकच्या कणांमधील फटींत जाऊन बसते. नुसत्या सिरॅमिकची चकती नायट्रोजनमध्ये वारंवार बुडवून बाहेर काढली की तिला तडे जाऊ लागतात. वजनाने दहा टक्के चांदी घातलेली आमची चकती तेवढ्याच वापरानंतरही अखंड राहिली. रोध मोजण्यासाठी तारा जोडतानाही फरक जाणवला, कारण चांदीमुळे जोडाचा रोध कमी होतो आणि आकडे स्थिर येतात. शिवाय तापलेल्या घन चांदीतून ऑक्सिजन आरपार जाऊ शकतो, म्हणून ती चकतीच्या पोटात ऑक्सिजन पोहोचण्याच्या आड येत नाही. वितळलेली चांदी ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो बाहेर फेकते, हे विटा-खानापूर भागातील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या) कारागिरांना कुणी शिकवावे लागत नाही; आमच्या विद्यार्थ्यांना मात्र ते प्रथमच कळले.

आता वेष्टनावरील दाव्याविषयी. चांदीमुळे ‘अतिसंवाहकतेचे तापमान वाढते’ असे तेथे छापले आहे, ते चुकीचे आहे. या पदार्थाचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली तो अतिसंवाहक होतो ते तापमान, सुमारे ९२ केल्विन असते आणि चांदी घातली तरी ते जवळपास तेवढेच राहते; चुंबक दोन्ही चकत्यांवर सारखेच तरंगले. याहून घातक वाक्य पुस्तिकेत आहे : चांदी संपल्यास ‘अन्य कोणत्याही धातूची भुकटी’ वापरावी. जस्त तांब्याच्या जागी शिरते आणि थोड्या टक्क्यांतच हे तापमान नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या खाली नेते. लोखंडही त्रासदायकच. पितळेचा कीस टाकून पाहण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतोच, त्यांना छापील आधार मिळू नये.

सर्वांत मोठा दोष भट्टीच्या तक्त्यात आहे. चांदी असो वा नसो, दोन्ही चकत्या ९६० अंशांवर भाजाव्यात असे त्यात सांगितले आहे. वास्तविक चांदीच्या सान्निध्यात हा सिरॅमिक हवेत ९४० अंशांच्या आसपासच अंशतः वितळू लागतो. तक्त्याबरहुकूम भाजलेली पहिली चकती कडांनी ओघळली आणि बोटीच्या तळाला अशी चिकटली की दोन्ही वाया गेली. ९२५ अंशांवर भाजलेली पुढची चकती आकार टिकवून निघाली. थंड करण्याविषयी तर एकच ओळ आहे : ‘भट्टी बंद करावी.’ प्रत्यक्षात चकती ४०० ते ५०० अंशांदरम्यान ऑक्सिजनच्या प्रवाहात बराच वेळ ठेवून सावकाश उतरवावी लागते, एरवी ऑक्सिजन अपुरा राहतो आणि हाती काळी पण निरुपयोगी चकती येते. त्या टप्प्यात वीज गेली तर सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून इन्व्हर्टर नसलेल्या प्रयोगशाळेने आधी त्याची सोय करावी.

बेरियम कार्बोनेट विषारी असूनही पुडीवर इशारा नाही आणि हातमोजे, मास्कही दिलेले नाहीत; एवढ्यासाठीच हा संच शाळांनी घेऊ नये असे मी म्हणेन. तयार चकती ओलाव्याने खराब होते, तेव्हा पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या बंद डब्यातच ठेवावी. ज्या विभागाकडे तापमान नेमके राखणारी भट्टी, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि जाणकार शिक्षक आहे, त्याने तो जरूर घ्यावा, तक्ता मात्र स्वतःचा वापरावा, आणि मागणी नोंदवतानाच सिल्व्हर ऑक्साइडची एक जादा बाटली मागून घ्यावी, कारण सोबतची एका तुकडीलाही पुरत नाही.