स्पॅनिश साहित्याच्या एका जाड संकलनग्रंथासोबत नऊ महिने

स्पॅनिशच्या वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करताना, गेल्या जुलै महिन्यात, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी एक जाडजूड संकलनग्रंथ विकत घेतला. मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतचे स्पॅनिश साहित्य त्यात चळवळींनुसार मांडलेले असून प्रत्येक भागाच्या आरंभी इतर युरोपीय देशांतील समांतर घडामोडींचा एक तक्ता दिलेला आहे. प्रकाशकाचे नाव देत नाही, कारण ज्या गुणदोषांबद्दल लिहायचे आहे ते अशा पद्धतीने बांधलेल्या बहुतेक पाठ्यग्रंथांत आढळतात.

पहिले दोन महिने चळवळींचे हे खण फार उपयोगी पडले. नवख्या वाचकाला नुसती नावे आठवत नाहीत, त्यांना टांगायला खुंट्या लागतात. मध्ययुग मी भराभर उरकले. तेराव्या शतकातल्या बेर्सेओ या कवीची चौदा अक्षरांच्या चार ओळींची, एकाच यमकाची कडवी एका बैठकीत पुरेशी होतात. वडिलांच्या मृत्यूवर लिहिणारा कवी होर्हे मान्रीके मात्र अपवाद ठरला. दोन ओळी आठ अक्षरांच्या आणि तिसरी अवघी चार अक्षरांची, अशी त्याची रचना मोठ्याने वाचली की त्या आखूड ओळीपाशी दम तुटल्यासारखा होतो. शोककाव्याला हे वृत्त इतके का शोभते, हे टिपांपेक्षा कानालाच आधी कळले.

ग्रंथाची खरी ताकद छंदांवरच्या टिपांत आहे. अंदालुसियातील ग्रानादा येथे १५२६ मध्ये व्हेनिसचा राजदूत नावाजेरो याने कवी बोस्कानला इटालियन पद्धतीने स्पॅनिशमध्ये लिहून पाहण्याचा आग्रह केला. बोस्कानने आणि त्याचा मित्र गार्सिलासो याने अकरा अक्षरांची ओळ आणि सुनीत स्पॅनिशमध्ये रुजवले, आणि दोघांच्या कविता १५४३ मध्ये, दोघेही हयात नसताना, बोस्कानच्या विधवेने छापवून आणल्या. ही ओळ मोजताना माझी पुष्कळ फजिती झाली. गार्सिलासोच्या एका प्रसिद्ध सुनीताच्या पहिल्या ओळीत कागदावर बारा अक्षरे भरतात, पण ‘रोसा’ या शब्दातला शेवटचा स्वर पुढच्या ‘इ’मध्ये मिसळून अकराच उरतात. आपल्याकडे संधी झाला की तो लिहिलेला दिसतो. इथे तो केवळ म्हणताना होतो आणि मोजणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा असते. हे समजावणारी दहा पाने एवढ्यासाठीच या ग्रंथाला चांगले गुण द्यावेत अशी आहेत.

कुरबूर सुरू झाली ती रोमँटिक काळापाशी. तक्त्यात इंग्लंड आणि जर्मनीसमोर अठराव्या शतकाची अखेर, तर स्पेनसमोर १८३० नंतरची वर्षे दिसतात, आणि ‘उशिरा आलेला रोमँटिसिझम’ एवढ्या शब्दांवर विषय मिटवला आहे. वस्तुतः स्लेगेलसारखे जर्मन समीक्षक त्याच सुमारास सतराव्या शतकातल्या काल्देरोनची नाटके भाषांतरित करून त्याला डोक्यावर घेत होते, आणि १८३० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर गदारोळ उडवणारे ह्युगोचे ‘एर्नानी’ स्पेनमध्येच घडत होते. स्पेनचा विलंब मुख्यतः राजकीय होता. सातव्या फेर्नान्दोच्या दडपशाहीमुळे एस्प्रोन्सेदा आणि रीवासचा ड्यूक यांच्यासारखे लेखक परदेशी गेले होते. १८३३ मध्ये राजा मेल्यावर ते परतले आणि रीवासचे ‘दोन आल्व्हारो’ १८३५ मध्ये रंगमंचावर आले. हे धागे ग्रंथात चार ठिकाणी विखुरलेले आहेत. मी ते पेन्सिलीने समासात जोडले. त्यामुळे माझी प्रत आता विकण्याजोगी राहिलेली नाही.

धागे विखुरण्याचा हाच दोष सतराव्या शतकातल्या गोंगोरा या कवीच्या बाबतीत अधिक खटकतो. त्याची क्लिष्ट, उलटसुलट अन्वयाची कविता वाचताना मोरोपंतांचे यमक आणि शब्दरचनेचा सोस आठवला, आणि त्यामुळे मला तो परका वाटला नाही. समकालीन कवी क्वेव्हेदोने त्याची केलेली टिंगल ग्रंथात सविस्तर आहे. मात्र गोंगोराच्या मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी, १९२७ मध्ये, तरुण कवींनी सेव्हियात त्याची त्रिशताब्दी साजरी केली आणि लोर्का, आल्बेर्ती आदींची पिढी त्या वर्षाच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. हे वाचायला थेट शेवटच्या भागात जावे लागते, तिथेही मागच्या पानाचा संदर्भ नाही. चळवळींची नावे बहुधा मागाहून ठेवलेली असतात, ही गोष्टही ग्रंथ जवळजवळ लपवतो. स्पॅनिश लेखकांच्या ‘१८९८ची पिढी’ या गटाचे नाव त्यातल्याच आसोरीन या लेखकाने १९१३ मध्ये रूढ केले, याचा उल्लेख केवळ तळटीपेत सापडला. निकाराग्वाचा कवी रुबेन दारियो याचा ‘आसुल’ हा संग्रह १८८८ मध्ये चिलीत छापला गेला आणि नव्या कवितेचा वारा लॅटिन अमेरिकेतून स्पेनकडे वाहिला, हे मात्र योग्य जागी आणि ठसठशीतपणे सांगितले आहे.

सतराव्या शतकातली कथालेखिका मारिया दे सायास हिला एका चौकटीत कोंबले आहे आणि स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिशियन भाषेत लिहिणाऱ्या कवयित्री रोसालिया दे कास्त्रोला अर्धे पान मिळाले आहे. या दोन्ही जागी मला दुसऱ्या पुस्तकांचा आधार घ्यावा लागला. बांधणी चौथ्या महिन्यात सुटली, शब्दसूची तोकडी आहे, कागद मात्र उत्तम आहे. ज्याला परीक्षेपुरता कालक्रम हवा आहे त्याने तक्ते वापरावेत. ज्याला कविता वाचायच्या आहेत त्याने छंदांची दहा पाने आधी वाचावीत, आणि पहिल्याच दिवशी बांधणी करणाऱ्याकडे जाऊन यावे.