मुंबईत दोन दिवस: कुलाबा की दादर?

पहिल्यांदाच मुंबई बघायला येत असाल तर मुक्काम कुलाब्यात करा. गेटवे, वस्तुसंग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी, ओव्हल मैदान सगळं पायी होतं. घारापुरीची लाँचही सकाळी लवकर गाठता येते. सोमवारी लेणी बंद असतात, ते बघूनच तारखा ठरवा. खोल्या मात्र महाग आणि त्या मानाने लहान.

नातेवाइकांच्या गाठीभेटीही घ्यायच्या असतील तर मी डोळे झाकून दादर सांगेन. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे इथे मिळतात. ठाणे असो की बोरिवली, एका लोकलचं काम. पहाटे फुलबाजारात झेंडूचे ढीग, ओल्या पानांचा वास, मग शिवाजी पार्कला फेरी आणि गरमागरम थालीपीठ. फक्त खोली स्टेशनला चिकटून घेऊ नका, हॉर्न झोपू देत नाहीत.