आउटबोर्ड मशीनची देखभाल: स्वतः करायची की मेकॅनिककडे द्यायची?

होडीला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून बसवायचं इंजिन, लागलं की पहिल्याच हंगामात हा प्रश्न उभा राहतो, आणि बंदरावर त्याची दोन टोकांची उत्तरं मिळतात. एकजण सांगतो, स्कूटरचंच इंजिन ते, पाना घ्या आणि उघडा. दुसरा सांगतो, मेकॅनिक येईपर्यंत मशीनला हातसुद्धा लावू नका. मला वाटतं, काम सोपं की अवघड यावर वाटणी करण्यात अर्थ नाही. खाऱ्या पाण्याला आत बसायला किती वेळ मिळतो, ते बघून करावी. जे त्याच संध्याकाळी व्हायला हवं ते मालकाचं काम, कारण त्या वेळी जेट्टीवर मेकॅनिक नसतो. जे वर्षातून एकदा येतं त्यासाठी त्याची वाट पाहायला हरकत नाही.

गोड्या पाण्याने धुणं हे यातलं पहिलं. ड्रममध्ये पाणी भरा. पाणी शिरण्याच्या जाळ्या नीट बुडल्या पाहिजेत. होडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा आणि मशीन न्यूट्रलमध्ये, कमी रेसवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. काही फोरस्ट्रोक मशीनना थेट होज जोडायची सोय असते. तिथे बहुधा मशीन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं, तेव्हा पुस्तिका वाचा. काम झालं की मशीन उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळतं. आपल्याकडची खरी अडचण पाण्याचीच. मालवणजवळच्या देवबागसारख्या दोन्हीकडून पाणी असलेल्या पट्टीत किंवा खाडीकाठच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते. मचूळ पाण्याने धुतलं तर मीठ आतच राहतं. तेव्हा धुण्यापुरतं गोडं पाणी वेगळं साठवून ठेवा.

मशीन चालू असताना मागून पाण्याची धार पडते तिच्याकडे बघायची सवयही मालकालाच लावून घ्यावी लागते. धार बारीक झाली किंवा थांबली तर मशीन ताबडतोब बंद करा. काही वेळा भोकात फक्त वाळू किंवा मीठ अडकलेलं असतं, बारीक तारेने मोकळं होतं. नाही झालं तर संशय इंपेलरवर. इंजिन थंड ठेवायला पाणी वर ओढणारा रबराचा हा छोटा पंखा पाण्याशिवाय काही सेकंद फिरला तरी खराब होऊ शकतो, म्हणून मशीन कोरडं चालवून ‘आवाज बघणं’ बंद करा.

इंपेलर बदलणं मात्र सीमेवरचं काम आहे. खालचा गिअरचा भाग उतरवावा लागतो, गिअरचा दांडा सोडवावा लागतो. हे शिकता येतं. खरा धोका बोल्टांचा. मिठाने अॅल्युमिनियममध्ये धरलेला स्टीलचा बोल्ट जोर लावला की मोडतो, आणि मग मोडलेला तुकडा काढण्याचा खर्च इंपेलरपेक्षा कितीतरी जास्त. सेकंडहँड मशीन घेतलं असेल आणि ते कधी उघडलं होतं याचा पत्ता नसेल, तर पहिल्यांदा मेकॅनिककडूनच उघडून घ्या आणि बोल्टांना मरीन ग्रीस लावूनच बसवायला सांगा. पुढच्या वर्षी तेच काम तुम्ही आरामात कराल. एक गोष्ट मेकॅनिकलाही विचारा: जुन्या इंपेलरची पाती तुटलेली असतील तर तुकडे सापडले का? ते वर जाऊन थर्मोस्टॅटच्या आसपास अडकतात आणि नवा इंपेलर असूनही मशीन तापतं.

गिअर ऑइल मी मालकाच्या यादीत घालतो. साधारण शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. नवं तेल खालून भरत वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत चढवा. आधी वरचा स्क्रू बसवा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर. जुन्या तेलाचा रंग दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. इथून पुढचं काम मेकॅनिकचं. पुष्कळदा दोषी असतो पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन. तो सील कापतो, म्हणून पंखा मधूनमधून काढून बघा. काढण्याआधी किल स्विचची (मशीन झटकन बंद करायच्या बटणाची) क्लिप आणि प्लगच्या वायरी काढा.

प्लग, इंधनाचा फिल्टर, अर्ध्याहून जास्त झिजलेलं झिंक (मशीनऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा), हे सगळं बदलणं घरचं. झिंकवर रंग मात्र लावू नका, नाहीतर ते काम करत नाही.

टूस्ट्रोक आणि फोरस्ट्रोकमध्ये निर्णय वेगवेगळा होतो. जुन्या कार्बोरेटरच्या टूस्ट्रोकवर मालकाचा हात बसतो. पेट्रोलवर बऱ्याच मशीनना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली टूस्ट्रोक मरीन तेल लागतं. रॉकेलवर चालणाऱ्यांचं प्रमाण वेगळं, आणि बंद करण्याआधी शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवली की पुढच्या वेळी सुरू व्हायला त्रास होत नाही. फोरस्ट्रोकचं इंजिन ऑइल तुम्ही बदलू शकता, पण कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या मशीनमध्ये बिघाड शोधायला कंपनीचं यंत्र लागतं. वॉरंटीत असलेल्या मशीनची साधारण २० तासांची पहिली सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करा, शहर लांब पडलं तरी. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी येणं, गिअर सटकणं, तेलात धातूचे कण दिसणं, ही कामं कुठल्याही मशीनवर घरी काढू नयेत.

पेट्रोलचं वेगळं सांगायला हवं. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि अनेक आउटबोर्डना १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात टाकी भरून ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतात आणि हंगामाच्या सुरुवातीला मशीन तेच पितं. म्हणून होडी वर काढताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. हे मेकॅनिकवर सोडू नका, तो येईपर्यंत पेट्रोल आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं.

मेकॅनिककडे द्यायचंच असेल तर १ जूनला मासेमारी बंद होते तेव्हाच द्या. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांची मशीन एकदमच त्याच्या दारात येतात आणि काम घाईत उरकतं. परत घेताना ड्रममध्ये चालवून धार दाखवायला सांगा आणि काढलेला जुना इंपेलर मागून घ्या.